तिसऱ्या भोकात वायर आहे का? घरच्या कंप्युटरचं अर्थिंग कसं तपासावं

लग्नपत्रिका आणि मंडळांची पत्रकं कंपोझ करायचं काम मी 2009 साली इंदूरला, रामबागेतल्या एका जुन्या वाड्याच्या माडीवर सुरू केलं. भाड्याच्या दोन खोल्या, कोटा फरशी, खिडकीशी टेबल आणि टेबलाखाली कॅबिनेट. उन्हाळ्यात फरशी पुसून घेतली की गार वाटायचं, म्हणून मी अनवाणीच बसायची. एकदा पेनड्राइव्ह लावायला खाली वाकले आणि मनगटाची मागची बाजू कॅबिनेटच्या कडेला लागली. मुंग्या आल्या. परत अलगद हात फिरवून पाहिला तर पत्रा खरखरीत लागला. भिंतीवरचं बटण बंद केलं, तोच पत्रा गुळगुळीत.

ज्याला विचारलं त्याने एकच सांगितलं: "कंप्युटरला थोडा करंट असतोच, चप्पल घालून बसत जा." चप्पल घातली, मुंग्या थांबल्या, आणि पुढची दोन वर्षं मी तशीच काम करत राहिले. पत्र्यावर जे होतं ते तिथेच होतं, मला कळणं तेवढं बंद झालं होतं.

आज कुणी ओळखीचं मला मुंग्यांबद्दल सांगतं तेव्हा मी पहिला प्रश्न विचारते: तुमच्या सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकात वायर आहे का? ते भोक अर्थचं, म्हणजे पत्र्यावर आलेली वीज जमिनीत सोडणाऱ्या वायरचं. बहुतेकांना वाटतं की भोक आहे म्हणजे वायर असणारच. आमच्या वाड्यात सात सॉकेट होते. उघडून पाहिले तेव्हा पाचांत ते टर्मिनल रिकामं होतं, आणि एकात हिरवी वायर होती खरी, पण कुणीतरी ती फेज म्हणून, म्हणजे वीज आणणारी वायर म्हणून, वापरलेली. म्हणून रंगावरही विश्वास ठेवू नका. नियमाने हिरवी किंवा हिरवी-पिवळी वायर अर्थची, जुन्या वायरिंगमध्ये लाल फेजची आणि काळी न्यूट्रलची, म्हणजे वीज परत नेणारी. पण तुमच्या घरात शेवटचा हात कुणी लावला होता हे रंगाला माहीत नसतं.

मुंग्या येतात कुठून

कॅबिनेटच्या मागच्या बाजूला ज्या डब्यात पॉवर केबल लागते तो एसएमपीएस, कंप्युटरला वीज पुरवणारा भाग. त्याच्या तोंडाशीच दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजपासून पत्र्याला आणि दुसरा न्यूट्रलपासून पत्र्याला जोडलेला. आतल्या जलद स्विचिंगमुळे होणारा विजेचा गोंगाट अर्थकडे सोडून देणं हे त्यांचं काम. म्हणजे बनवणाऱ्याने गृहीतच धरलंय की पत्रा अर्थला जोडलेला असेल. अर्थ नसेल तर दोन सारख्या कपॅसिटरच्या मधोमध असलेला पत्रा मधल्याच व्होल्टेजवर लटकतो. 230 चे निम्मे, साधारण 115 व्होल्ट.

आकडा ऐकून धस्स होतं, पण त्यामागचा करंट फार थोडा असतो. 4.7 नॅनोफॅरडच्या एका कपॅसिटरमधून 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झवर जेमतेम 0.34 मिलिअँपिअर जातो. माणसाला करंट जाणवायला लागतो तो साधारण अर्धा ते एक मिलिअँपिअरला. आपला करंट या सीमेच्या आसपासचा, त्यामुळे ओल्या फरशीवर अनवाणी बसलं की कळतो, चपलेत कळत नाही. या मुंग्यांनी जीव जात नाही.

मग काळजी कशाची? एक तर ही मुंगी तुम्हाला सांगते की अर्थ नाही. उद्या त्याच डब्यात इन्सुलेशन गेलं, उंदराने वायर कुरतडली किंवा स्क्रूखाली वायर दबली, तर पत्र्यावर 230 व्होल्ट उभे राहतील आणि त्यामागे कपॅसिटरची अडवणूक नसेल. अर्थ असता तर तो करंट जमिनीत गेला असता आणि आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच लाइन तोडणारा स्विच, पडला असता. अर्थ नसताना काहीच पडत नाही. पत्रा गुपचूप वाट पाहत राहतो. साधारण दहा मिलिअँपिअरच्या पुढे हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही.

दुसरी गोष्ट मशीनची. 2011 च्या गणपतीत मंडळाच्या आरतीचे शब्द टीव्हीवर दाखवायचे होते. मी कंप्युटर चालू ठेवूनच टीव्हीला केबल लावायला गेले. टीव्ही गच्चीवरच्या डिशच्या तारेतून कुठेतरी जमिनीला टेकलेला, माझा कॅबिनेट 115 व्होल्टवर लटकलेला. केबल टेकताना बारीक ठिणगी उडाली आणि टीव्हीचं ते पोर्ट कायमचं गेलं. आरती पाठ म्हटली, ते ठीक. पण तेव्हापासून माझा नियम आहे: कंप्युटर, टीव्ही, प्रिंटर, प्रोजेक्टर यांच्यात केबल लावायची असेल तर दोन्हींचे प्लग भिंतीतून काढायचे, केबल जोडायची, मग प्लग लावायचे. अर्थ चांगला असला तरीही.

तपासायला सुरुवात

सॉकेटकडे तोंड करून उभं राहिलं की वरचं मोठं भोक अर्थचं, खाली उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. प्लगची अर्थची पिन लांब आणि जाड असते, म्हणजे ती आत जाताना सगळ्यांत आधी टेकते आणि निघताना शेवटी सुटते. ही पिन कापणाऱ्या, किंवा थ्री-पिनला टू-पिनचा अडॅप्टर लावून देणाऱ्या माणसाला मी घरात कामाला घेत नाही.

आधी डोळ्यांनी बघा. मेन स्विच बंद करा, टेस्टरने खात्री करा, मग सॉकेटची प्लेट उघडून अर्थच्या टर्मिनलमध्ये वायर आहे का आणि स्क्रू घट्ट आहे का ते पाहा. हात थरथरत असेल, घरात लहान मूल घोटाळत असेल तर वायरमनला बोलवा, यात कमीपणा नाही.

टेस्टर अर्थच्या भोकात घालून "लागत नाही, म्हणजे अर्थ बरोबर" असं म्हणणारे खूप भेटतात. टेस्टर फक्त फेज ओळखतो. रिकाम्या टर्मिनलवरही तो लागत नाही आणि चांगल्या अर्थवरही नाही. त्याच्यावरून एवढंच कळतं की तिथे फेज आलेला नाही.

मल्टिमीटर मात्र घ्याच. महाराणी रोडवर साधा डिजिटल मीटर सहज मिळतो, माझा तिथलाच आहे. वापरण्यापूर्वी दोन गोष्टी: चक्र एसी व्होल्टच्या 600 किंवा 750 वर हवं, आणि लाल वायर व्होल्टच्या भोकात हवी. ती चुकून अँपिअरच्या भोकात राहिली आणि तुम्ही टोकं सॉकेटमध्ये घातलीत तर थेट शॉर्टसर्किट होतं. मी दर वेळी मोठ्याने म्हणून बघते, "एसी, व्होल्ट, 750." बोटं टोकांच्या कडांच्या मागे. सॉकेटला शटर असेल आणि टोकं आत जात नसतील तर ढकलाढकली करू नका, ते काम वायरमनकडून करून घ्या.

तीन आकडे घ्या आणि कागदावर लिहा: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. वाड्यातल्या माझ्या टेबलाजवळच्या सॉकेटचे आकडे होते 231, 168 आणि 61. दुसरा आणि तिसरा आकडा असे मधेच कुठेतरी लटकलेले दिसले की समजावं, वायर आहे पण ती कुठेच पोचत नाही. मीटर फार थोड्या करंटवर वाचतो, म्हणून तुटक्या वायरवरही असे भुताटकीचे व्होल्ट दिसतात. चांगल्या अर्थिंगमध्ये पहिले दोन आकडे जवळजवळ सारखे आणि तिसरा दोन-तीन व्होल्टच्या आत येतो. नव्या घरात मला 229, 228 आणि 1.4 मिळाले तेव्हा मी ते तिघांना फोन करून सांगितले होते.

आणि तिसरा आकडा अगदी 0.0 आला तर? तेव्हा खूश होऊ नका. इथेच सगळ्यांत वाईट गोष्ट लपलेली असू शकते.

न्यूट्रलचा तुकडा

माझ्या आत्तेबहिणीकडे, सुदामानगरात, तिच्या मुलाला कंप्युटरच्या मुंग्या यायच्या. कंप्युटर दुरुस्त करायला आलेल्या मुलाने सॉकेट उघडला, बोटभर वायर घेतली आणि न्यूट्रलच्या टर्मिनलपासून अर्थच्या टर्मिनलला जोडून दिली. मुंग्या बंद. सगळे समाधानी. तीन-चार महिन्यांनी पावसात मीटरजवळचं न्यूट्रलचं जोड सुटलं. घरातले दिवे गेले. वीज गेली असं समजून भाचा टेबलाजवळ मेणबत्ती ठेवायला गेला आणि कॅबिनेटला त्याचा हात लागला. तो मागच्या भिंतीवर जाऊन आपटला. मागे फेकला गेला म्हणून वाचला. हात धरला गेला असता तर, हा विचार माझ्या बहिणीने आजही सोडलेला नाही.

झालं असं. न्यूट्रल तुटलं तरी फेज घरात आलेलाच होता. चालू बटणांच्या दिव्यांमधून, पंख्यांमधून तो न्यूट्रलच्या तारेवर आला. पुढे जायला वाट नाही, म्हणून ती अख्खी न्यूट्रल तार 230 व्होल्टवर गेली. बोटभर वायरने ते व्होल्ट अर्थच्या पिनवर आणले आणि पिनने कॅबिनेटवर. दिवे लागत नसल्यामुळे घरातल्यांना वाटत होतं की वीजच नाही. मीटरवर काम करताना कुणी फेज आणि न्यूट्रल उलटे जोडले तरी हेच होतं, तेही लगेच.

हा तुकडा ओळखणं अवघड आहे, कारण तीन दिव्यांचा जो तयार सॉकेट-टेस्टर मिळतो तो अशा सॉकेटला "बरोबर" म्हणतो. मल्टिमीटरही फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ तंतोतंत सारखे दाखवतो. मी शोधायची पद्धत अशी: त्याच लाइनवर काहीतरी जड चालू करायचं, इस्त्री किंवा गीझर, आणि मग न्यूट्रल-अर्थ मोजायचं. न्यूट्रलच्या तारेतून करंट वाहायला लागला की त्या तारेत थोडे व्होल्ट पडतात, त्यामुळे खऱ्या अर्थच्या तुलनेत आकडा थोडा हलतो, अर्धा-एक-दीड व्होल्ट. भार टाकूनही 0.0 चा 0.0 राहिला तर मेन बंद करून प्लेट उघडाच. मी ओळखीच्या घरांत असे चार तुकडे काढलेत. काढलेला तुकडा घरमालकाच्या हातात देते, म्हणजे लक्षात राहतं.

याच जातीचा जुना उपाय म्हणजे अर्थची वायर नळाच्या पाइपला बांधणे. आजोबांच्या काळी जमिनीखालून थेट लोखंडी पाइप यायचा, तेव्हा ते कसंबसं चालायचं. आता मधे कुठेतरी प्लास्टिकचा पाइप असतोच. मग एका खोलीतला दोष वाड्यातल्या सगळ्या मोऱ्यांच्या नळांवर येतो आणि आंघोळीला बसलेल्या ओल्या माणसाला लागतो.

दिव्याची चाचणी, वायरमनकडूनच

मल्टिमीटर अर्थ आहे की नाही हे सांगतो, पण तो करंट पेलू शकेल का हे सांगत नाही. त्यासाठी आमचे वायरमन काका 100 वॉटचा जुना पिवळा दिवा फेज आणि अर्थ यांच्यात लावतात. दिवा फेज-न्यूट्रलवर लागतो तितकाच लख्ख लागला तर अर्थ जिवंत. मंद लागला तर, काकांच्या शब्दांत, "अर्थिंग है ताई, पर मरी हुई है." दिवा लागलेला असताना ते न्यूट्रल-अर्थ मोजतात. घरातलं बाकी सगळं बंद असेल आणि मीटर 2 व्होल्ट दाखवत असेल, तर दिव्याचा करंट साधारण 0.43 अँपिअर, म्हणून 2 भागिले 0.43, सुमारे 5 ओहम. ओहम म्हणजे करंटच्या वाटेतल्या अडथळ्याचं माप, जितकं कमी तितकं बरं. हा अंदाज झाला, नेमकं मोजायला जमिनीत दोन खिळे ठोकून वापरायचा अर्थ-टेस्टर असतो.

हे वाचून स्वतः दिवा लावायला जाऊ नका. अर्थची वायर मधे तुटलेली असेल तर दिव्यातून आलेला फेज घरातल्या प्रत्येक पत्र्यावर जातो: फ्रिज, वॉशिंग मशीन, कूलर, सगळ्यांवर. म्हणून काका आधी घरातले सगळे थ्री-पिन प्लग काढायला लावतात आणि चाचणी होईपर्यंत कुणाला कशालाही हात लावू देत नाहीत. आणि घरात चालू आरसीसीबी असेल तर दिवा लावताक्षणी तो पडेल, पडायलाच हवा.

पाच ओहम पुरत नाहीत

पाच ओहमच्या आत अर्थिंग आलं की काम फत्ते, असं मीही समजायची. काकांनी एकदा कागदावर भागाकार करून दाखवला. 230 भागिले 5, 46 अँपिअर. सॉकेटच्या लाइनवर 16 अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी असतो, करंट फार वाढला की पडणारा स्विच. तो क्षणात पडायला त्याच्या पाच ते दहापट करंट लागतो, म्हणजे 80 ते 160 अँपिअर. 46 वर तो तापून पडेल, पण त्याला काही सेकंद लागतील, कदाचित बरेच सेकंद. तेवढा वेळ पत्रा जिवंत असतो.

म्हणून आरसीसीबी. तो जाणारा आणि परत येणारा करंट ताडून बघतो. 30 मिलिअँपिअरचा फरक पडला की 0.3 सेकंदाच्या आत लाइन तोडतो. घरासाठी 30 मिलिअँपिअरचाच घ्या. 100 किंवा 300 चे मिळतात, ते आगीपासून बचावासाठी, माणसासाठी नाहीत. अर्थ नसतानाही आरसीसीबी काम करतो, पण तेव्हा तो फरक तुमच्या अंगातून गेल्यावरच त्याला कळतो. अर्थ असेल तर दोष झाल्याबरोबर पडतो, कुणी हात लावायच्या आधी. दोघं मिळूनच हवेत. आणि आरसीसीबीने एमसीबीची जागा घेता येत नाही, जास्त भार किंवा शॉर्टसर्किट हे त्याचं काम नाही.

त्याच्यावर टी लिहिलेलं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबा. पडला पाहिजे. मी लाइट बिल भरते त्या दिवशी दाबते.

पैसे कमी असतील तर माझ्या मते क्रम असा: आधी आरसीसीबी, मग अर्थचा खड्डा आणि वायर, मग यूपीएस, आणि सगळ्यांत शेवटी महागडा स्पाइक बोर्ड. सिल्वर मॉलमध्ये कंप्युटर घेताना लोक बरोबर उलट्या क्रमाने खरेदी करतात, कारण दुकानात स्पाइक बोर्ड मिळतो आणि खड्डा मिळत नाही. स्पाइक बोर्डात जे संरक्षण असतं त्यातलं बरंचसं वाढलेलं व्होल्टेज अर्थकडे ढकलतं. अर्थच नसेल तर ढकलणार कुठे?

काळ्या मातीतला खड्डा

2016 मध्ये आम्ही राजेंद्रनगरात स्वतःच्या घरी आलो आणि पहिलं काम खड्ड्याचं केलं. घराच्या पायापासून निदान दीड मीटर लांब, मोरीच्या पाण्याची ओल जिथे राहते त्या बाजूला. अडीच-तीन मीटर लांबीचा, आतून निदान 38 मिलिमीटर व्यासाचा जस्ताचा मुलामा असलेला जीआय पाइप, त्याला भोकं पाडलेली, भोवती कोळसा आणि खड्याचं मीठ थरांनी. वर पाणी ओतायला नरसाळं, त्यावर जाळी, भोवती विटांचा छोटा हौद आणि झाकण. मीठ सियागंजातून पोत्याने आणलं.

जोड कसा केलाय ते स्वतः उभं राहून बघा. पाइपला वायर गुंडाळून पिळलेली चालत नाही, नटबोल्टने आवळलेला जोड हवा. तांब्याची तार थेट जीआय पाइपवर आवळली तर ओलीत तिथे गंज धरतो, म्हणून जमिनीतलं सगळं जीआयचं ठेवून तांब्याची वायर वर, कोरड्यात घेतली. तिथून हिरवी वायर मेन बोर्डातल्या अर्थच्या पट्टीला, आणि पट्टीपासून प्रत्येक सॉकेटला.

आता आपल्या माळव्याच्या मातीबद्दल. काळी माती ओली असताना वीज फार छान पोचवते. पावसाळ्यात ती फुगून पाइपला घट्ट मिठी मारते. एप्रिल-मेमध्ये तीच आकसते, बोट जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पाइपभोवती पोकळी होते. आमच्या खड्ड्याचं ऑगस्टमधलं वाचन साडेतीन ओहम आणि पहिल्याच मेमधलं अकरा. म्हणून अर्थिंग मोजायचं ते मेमध्ये. पावसाळ्यात मोजून "उत्तम" लिहून देणाऱ्याला उन्हाळ्यात परत बोलवा. आमच्याकडे नर्मदेचा नळ एक दिवसाआड येतो. मार्च ते जून दर नळाला दोन बादल्या नरसाळ्यातून जातात.

मिठाने पाइप खाल्ला जातो हे खरं आहे, त्यामुळे काही वर्षांनी उकरून बघावं लागतं. बेंटोनाइट नावाच्या मातीची पावडर भरलेलं, ज्याला बाजारात केमिकल अर्थिंग म्हणतात, ते ओल जास्त धरतं आणि लोखंडाला कमी त्रास देतं. खर्च जास्त येतो. जागा कमी असेल किंवा रोज पाणी घालणं जमणार नसेल तर मी तेच सुचवीन.

एक सल्ला तुम्हाला हमखास मिळेल: "कंप्युटरचं अर्थिंग वेगळं काढा." वेगळा खड्डा खणायला हरकत नाही, पण तो घरच्या अर्थिंगला जाड तारेने जोडलेला हवा. दोन सुटे खड्डे असले आणि जवळपास वीज पडली, तर दोन्हींमध्ये हजारो व्होल्टचा फरक होऊ शकतो, आणि तो फरक तुमच्या प्रिंटरच्या केबलमधून वाट काढतो.

फ्लॅटमध्ये खड्डा तुमच्या हातात नसतो. मीटरच्या खोलीत अर्थची पट्टी आहे का आणि तिथून तुमच्या घरात हिरवी वायर वर येते का, ते सोसायटीच्या वायरमनला दाखवायला सांगा. भाड्याच्या घरात मालक ऐकत नसेल तर निदान आपल्या बोर्डात आरसीसीबी बसवून घ्या आणि जाताना काढून न्या.

केबल, बोर्ड आणि लॅपटॉप

भिंतीपर्यंत अर्थ आला तरी कॅबिनेटपर्यंत पोचला असं नाही. स्वस्त पॉवर केबलला तीन पिना असतात आणि आत दोनच वायर. मल्टिमीटर बीपवर ठेवा, केबल भिंतीतून काढलेली असताना एक टोक प्लगच्या मोठ्या पिनला आणि दुसरं केबलच्या कॅबिनेटकडच्या तोंडातल्या मधल्या भोकाला लावा. वाजलं पाहिजे. मग केबल कॅबिनेटला लावून पिनपासून मागच्या रंग नसलेल्या स्क्रूपर्यंत तपासा. एक्स्टेंशन बोर्डाचंही तसंच. माझ्याकडच्या एका बोर्डात चार सॉकेट होते, पण अर्थची पट्टी दोनांपर्यंतच होती.

यूपीएस बॅटरीवर चालत असतानाही त्याचा प्लग भिंतीत हवा, कारण अर्थ त्याच पिनमधून येतो. "लाइट गेलीय" म्हणून प्लग काढला तर पत्रा पुन्हा लटकतो.

लॅपटॉपच्या दोन पिनांच्या चार्जरला अर्थ लागत नाही, त्याचं इन्सुलेशन दुहेरी असतं. धातूच्या लॅपटॉपवर चार्जिंगच्या वेळी मुंग्या येतात त्या आतल्या तशाच एका छोट्या कपॅसिटरच्या. त्या चार्जरला तीन पिनांची दोरी मिळत असेल आणि सॉकेटला खरा अर्थ असेल, तर त्या थांबतात. चार्जर नकली असेल तर मात्र तो मी लगेच फेकायला सांगते.

कॅबिनेट उघडताना प्लग भिंतीतून काढाच. अंगावरची स्थिर वीज घालवायला प्लग लावून ठेवा असं काहीजण सांगतात. सॉकेटच्या अर्थचा भरवसा नसताना तो सल्ला घातक आहे. प्लग काढून, पत्र्याच्या रंग नसलेल्या भागाला हात लावून मग रॅमला हात घाला. उन्हाळ्यात आपल्याकडची हवा कोरडी, त्यातून सिंथेटिक साडी, तेव्हा मधून मधून परत हात लावायचा. एसएमपीएसचा डबा घरी कधीही उघडू नका, आतला मोठा कपॅसिटर प्लग काढल्यावरही भरलेला राहू शकतो.

अर्थिंग एका बाबतीत वाचवत नाही, तेही सांगते. पोलवरचं न्यूट्रल तुटलं की काही घरांत 230 च्या जागी 350 च्या वर व्होल्ट येऊ शकतात. ते फेज-न्यूट्रलमधून येतात, त्याला जास्त व्होल्टेजवर लाइन तोडणारं उपकरण लागतं. आणि जूनमध्ये ढग गडगडायला लागले की प्लग काढायचा, त्याबरोबर इंटरनेटची केबलही. गच्चीवरून गच्चीवर लोंबत आलेली तांब्याची केबल वीज घरात आणते. फायबरच्या काचेतून ती येत नाही, पण त्याच्या डब्याचा अडॅप्टर भिंतीत असतोच.

मी आमच्या मेन बोर्डाच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलाय. तारीख, तीन आकडे, खड्ड्याचं वाचन, आरसीसीबी पडला की नाही. दर मेमध्ये काका येतात, मोजतात आणि मी लिहिते. यंदाचं वाचन सहा आलं. पाइपभोवतीची माती एका बाजूला खचली होती. काकांनी उरलेलं मीठ मागितलं, मी झाकण काढून ठेवलं आणि नळ यायची वाट बघितली.